पंधरा मिनिटांच्या आत

सहा काचनळ्या, सहा गोळ्या,
सदतीस अंश पाणी,
मिनिटाला तीस वेळा टोपली खाली-वर.
पंधरा मिनिटांच्या आत सगळ्या फुटल्या तर पास.
भांडुपला, सोमवल्ली लॅबमध्ये,
एकोणतीस वर्षं मी हेच पाहिलं.
रजिस्टरात खाली सही : कुंदा कारखानीस.

पगारातून कापून कापून बाराशे शेअर झाले.
निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं टेबलावरचं घड्याळ दिलं
आणि भाव होता सहाशे बारा.
लाइटबिलाच्या पाठीवर गुणाकार केला,
दुबार तपासला.
सात लाख चौतीस हजार चारशे.
ते बिल मी अजून टाकलेलं नाही.

मग कंपनीनं परदेशात कारखाना घेतला,
नाव उच्चारता येत नाही अशा गावात,
कर्ज काढून.
मग त्या कर्जाचं व्याज भरायला कर्ज.
मालकांनी आपले शेअर बँकेकडे ‘प्लेज’ केले असं पेपरात आलं,
मला शाळेतली प्रतिज्ञाच आठवली, हात पुढे करून म्हणायची.
फोनवर हसमुखभाई म्हणाले, गहाण हो बेन, गहाण.
हा शब्द आमच्या घरात दार लावून बोलतात.

चारशे दहा.
दोनशे पंच्याऐंशी.
एकशे एकोणीसला भाचा ओजस म्हणाला,
मावशी, ॲव्हरेज कर.
म्हणजे गळक्या पिंपात आणखी पाणी ओतायचं,
तेवढ्यापुरती पातळी बरी दिसते.
मी ओतलं. तीनशे शेअर.
ह्यांना सांगितलेलं नाही.

वार्षिक सभा आता मोबाइलवर असते.
अध्यक्षांचा चेहरा मधेच थिजतो, ओठ उघडे,
नेमका कर्जाच्या आकड्यावर.
दहिसरचे एक मेघश्याम टिपणीस
दरवर्षी अध्यक्षांवर चारोळी म्हणत.
यंदा त्यांचा माइक सुरू झाला
आणि ते काहीच बोलले नाहीत.
मागे कुकरची शिट्टी झाली.
अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद.

गेल्या मंगळवारी एक्केचाळीस. लोअर सर्किट.
विकणारे सगळे रांगेत, घेणारा एक नाही.
संध्याकाळी गव्हाणपाड्यात केमिस्टकडे गेले.
ब्लडप्रेशरची गोळी, आमचीच,
पिवळी, मधोमध रेघ.
दहाची पट्टी अठ्ठेचाळीस रुपये,
शेअरपेक्षा सात रुपयांनी महाग.
तो म्हणाला, काकू, दुसऱ्या कंपनीची देऊ का?
ह्यांच्या मालाचा आता भरवसा नाही.

तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.
पैशाचा नव्हे.
काटकसरीला निघालेली कंपनी
कुठे कुठे वाचवते, मला ठाऊक आहे :
स्टार्च स्वस्तातला घेते, सुकवण्याचा तास कापते,
आणि रजिस्टरवाल्या बाईला म्हणते,
बघा जरा, तेरा लिहिता आलं तर.
मला एकदा म्हणाले होते.
मी सतरा लिहिलं. बॅच फेकावी लागली,
माझी बढतीही तिच्याबरोबर.
शेअर त्या आठवड्यातही वर गेला होता.

रात्री हे झोपल्यावर
स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, बोटाच्या अंदाजानं.
चहाच्या गाळणीत एक गोळी
आणि खाली-वर, खाली-वर.
ओट्यावर निवृत्तीचं घड्याळ.
चौथ्या मिनिटाला कडा सुटल्या.
नवव्याला रेघेवर तडा.
अकराव्याला वाटीत पिवळट गढूळ,
गाळणीत काही नाही.
पास.

मनगट ठणकत होतं.
त्या जुन्या गुणाकाराखाली लिहिलं :
११ मि. – कुं. का.
सवयीनं तारीखही टाकली.
मग आठवलं,
एका गोळीवर बॅच पास होत नसते,
सहा लागतात.

पट्टीत नऊ उरल्या होत्या.
पाणी पुन्हा कोमट करायला ठेवलं.